टाळ टोचत होते म्हणून टेप प्लगिन लावलं, आता पेटीचा गंधार हलतोय

टाळगजर

नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळाचे आठ अभंग रेकॉर्ड केलेत, आषाढीच्या आत लोकांच्या हाती द्यायचेत. गायक एक, पेटी, पखवाज, मिरजेचा तानपुरा आणि चार टाळकरी. सगळे मंडळाच्या सभागृहात एकत्र बसून वाजवले, प्रत्येकाला वेगळा माइक. ४८ हजार सॅम्पल रेट, २४ बिट. मिक्स मी रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करतोय.

अडचण टाळांची. ते कानात टोचतात. ईक्यूनं वरचा भाग कापला की टाळांतला जीव जातो, पत्र्यावर काठी आपटल्यासारखे वाजतात. कम्प्रेसर लावला तर नाद लांबतो आणि गायकाचे शब्द झाकले जातात. एका मित्रानं सुचवलं की मास्टरवर, म्हणजे सगळ्या मिक्सवर, टेप प्लगिन (जुन्या चुंबकी टेपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाक, टाळ मऊ होतील आणि मिक्स एकजीव होईल. चाउ टेप मॉडेल उतरवून घेतलं. फुकट आहे, त्याचा कोडही सगळ्यांना खुला आहे. आणि खरंच, टाळ मऊ झाले, पखवाजाची धुमही भरदार झाली. त्या रात्री फार बरं वाटलं.

सकाळी वडिलांना ऐकवलं. ते चाळीस वर्षं पेटी वाजवतात. दुसऱ्याच अभंगाला म्हणाले, "पेटी कुणाची आणलीस? गंधार हलतोय." प्लगिन बंद करून ऐकवलं तर म्हणाले, "आता कमी हलतोय." भूप आणि यमनाच्या अंगाच्या दोन्ही अभंगांत त्यांना हे जाणवलं. भैरवीतल्या अभंगात काहीच नाही.

टेप प्लगिन सूर हलवतं का? आणि हलवत असेल तर ते लावायचं तरी कुठे?

कट्टेकरी_कोथरूड

वॉव आणि फ्लटर शून्यावर आण आधी. मग बोलू.

मिक्समास्तर

कट्टेकरींशी सहमत. टेप चालवणारी चाकं अगदी एका गतीनं फिरत नाहीत. गती हळूहळू कमीजास्त झाली तर तो वॉव, भरभर थरथरली तर फ्लटर. प्लगिनवाले हे दोन्ही मुद्दाम घालतात, कारण गिटार-ड्रमच्या गाण्यात ते गोड लागतं. आपल्याकडे मागे तानपुरा अखंड चालू असतो, त्यामुळे कानाला तुलना करायला एक स्थिर सूर सतत हजर. ०.१ टक्का फरक म्हणजे १.७ सेंट (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत १०० सेंट), एवढं चालून जातं. १ टक्का म्हणजे १७ सेंट. तेवढ्यात गाणारा माणूस उठून जाईल.

दुसरं, त्या प्लगिनवर कोरडा आणि टेपमधला आवाज मिसळायचा नॉब आहे. तो अर्ध्यावर ठेवलायस का? तसं असेल तर मूळ आवाज आणि सतत मागेपुढे सरकणारी त्याची प्रत, दोन्ही एकत्र वाजतायत. त्यातून पोकळ, फिरता आवाज तयार होतो. वॉव चालू असताना तो नॉब नेहमी पूर्ण ओला, म्हणजे फक्त टेपमधल्या आवाजावर ठेवावा.

टाळगजर

@मिक्समास्तर, नॉब ६० टक्क्यांवर होता. पूर्ण नेला, वॉव-फ्लटर शून्य केलं. पोकळपणा लगेच गेला, त्याबद्दल मनापासून आभार. पण गंधार अजून हलतोय. वडिलांना काहीही न सांगता ऐकवलं, त्यांनी त्याच जागी बोट वर केलं.

निखळ_नाद

मला या सगळ्या प्रकाराबद्दलच शंका आहे. टेप प्लगिन लावलं की बहुतेक वेळा आवाज थोडा मोठा होतो, आणि अर्ध्या-एक डीबीनं मोठा आवाज प्रत्येकाला जास्त छान वाटतो. त्यालाच मग 'ऊब' म्हणतात. एकदा दोन्ही आवाज मोजून सारखे करा, डोळे मिटा आणि दुसऱ्या कुणालातरी बटण दाबायला सांगा. मी हे माझ्या पंधरा-वीस मिक्सवर केलं. निम्म्याहून जास्त वेळा मला टेपशिवायचंच आवडलं. तेव्हापासून मी टेप वापरत नाही आणि काही अडलेलं नाही.

गोंयचो_घुमट

@निखळ_नाद, आवाज सारखे करून ऐकावं हे शंभर टक्के मान्य. पण म्हणून फरकच नसतो असं नाही. आमच्याकडे गोव्यात चवथीला आरतीत घुमट (मडक्याला कातडं लावलेलं वाद्य), शामेळ आणि कांसाळं (झांजा) एकत्र वाजतात. घुमटावर हल्ली बकऱ्याचं कातडं असतं, थापेचा पहिला टणका फार कडक येतो. मीटरवर मोजून सारखं केलं, तरी टेपनं त्या टणक्याचं टोक गोल होतं आणि मागचा मडक्याचा घुमार पुढे येतो. कम्प्रेसरनं हे जमलं नाही, कारण तो जागा होईपर्यंत टणका निघून गेलेला असतो. टेपला जागं व्हावं लागत नाही, पातळी वाढली की त्याच क्षणी ती दबते.

निखळ_नाद

तो क्लिपरही करतो की. साधा सॉफ्ट क्लिपर.

गोंयचो_घुमट

करतो, पण खालपासून वरपर्यंत सगळं सारखंच दाबतो. टेप वरच्या पट्टीला आधी दाबते. कांसाळ्यांना नेमकं तेच हवं असतं.

जुना_स्पूल

आज धागा पाहिला. तीस वर्षांहून जास्त काळ स्पूल मशीनवर काम केलं आहे, म्हणून चार गोष्टी सविस्तर लिहितो.

गोंयचो_घुमट यांनी शेवटी लिहिलं ते बरोबर आहे, त्याचं कारण असं. टेपवर वरचे सूर मुळात कमी उमटतात. ते भरून काढायला मशीन रेकॉर्ड करतानाच वरची पट्टी उचलून देतं आणि वाजवताना जुळवून घेतं. म्हणजे टाळ, झांज, घुंगरू हे टेपपर्यंत पोचतात तेव्हा आधीच मोठे झालेले असतात आणि टेपची मर्यादा सगळ्यांत आधी गाठतात. गती जितकी कमी तितकं हे जास्त. सेकंदाला साडेसात इंचावर टाळ जितके दबायचे तितके पंधरा इंचावर दबत नसत, तिसाला त्याहून कमी.

त्यात आमचा मीटर आम्हाला फसवायचा. व्हीयू मीटरच्या काट्याला पूर्ण वर यायला साधारण ३०० मिलिसेकंद लागतात. टाळाचा ठोका त्याच्या किती आधी होऊन जातो! काटा मध्यावर डुलतोय म्हणून निर्धास्त राहावं, आणि प्लेबॅकला टाळ चरचरायचे. म्हणून भजनाचं रेकॉर्डिंग असलं की मी काटा शून्याच्या सहा-आठ खाली ठेवायचो आणि टाळकऱ्यांना माइकपासून लांब, भिंतीकडे तोंड करून बसवायचो. खरखर थोडी वाढायची, पण टाळ स्वच्छ यायचे.

तुम्ही जे दाबणं विकत घेता, ते टाळण्यात आमचा दिवस जायचा. सकाळी स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसायचं, डीमॅग्नेटाइझ करायचं, टेस्ट टेप लावून अझिमथचा, म्हणजे हेडच्या कलाचा, स्क्रू केसभर फिरवायचा. जे आत गेलं तेच बाहेर यावं, एवढाच ध्यास. तरीही सांगतो, त्या टेपवरचे काही आवाज आजही ऐकले की वाटतं, गायक समोरच बसलाय. हे टेपमुळे होतं, की एकाच खोलीत एकाच वेळी सगळे मन लावून वाजवायचे म्हणून होतं, याचा मी पुष्कळ विचार केला. माझं उत्तर दुसरं आहे. ज्यांना पहिलं वाटतं त्यांच्याशी माझं भांडण नाही.

पेटीच्या गंधाराचं मात्र कोडं आहे. मशीन नीट असेल तर टेपनं सूर हलत नसे.

ढोलकीबहाद्दर

काका, काय लिहिलंय! वाखुसा (वाचनखूण साठवली).

एडिसनकर

जुना_स्पूल यांना दंडवत. मी न्यू जर्सीत हौसेनं मिक्सिंग करतो, आमच्या मंडळाच्या गणपतीची गाणी गेली नऊ वर्षं माझ्याकडेच असतात.

टेप नेमकी कुठे लावायची, यावर इथल्या लोकांतही एकमत नाही, आणि त्याची मुळं जुन्या कामाच्या पद्धतीत आहेत. मोठ्या स्टुडिओत एकाच गाण्याला दोनदा टेप लागायची. आधी दोन इंची टेपवर २४ ट्रॅक वेगवेगळे, स्टुडर ए८०० सारख्या मशीनवर, हे मशीन १९७८ चं. नंतर सगळं मिसळून अर्धा किंवा पाव इंची टेपवर, अँपेक्सच्या एटीआर-१०२ सारख्या दोन ट्रॅकच्या मशीनवर, ते १९७६ चं. म्हणून यूएडी या कंपनीनं दोन्हींची वेगळी प्लगिन काढली. वेव्ह्ज कंपनीचं जे३७ आणखी वेगळं, ते ॲबी रोडमधल्या एक इंची, चार ट्रॅकच्या व्हॉल्व्ह मशीनवर बेतलंय.

यातला फरक समजून घ्यायला हवा. ट्रॅकवर टेप असेल तर प्रत्येक वाद्य एकटं दबतं. मास्टरवर असेल तर सगळी वाद्यं एकमेकांत मिसळून दबतात. टाळगजर यांनी फक्त दुसरा प्रकार केलाय, आणि तोही बहुधा जोरात. आत जाणारी पातळी किती आहे? बहुतेक टेप प्लगिनांत व्हीयूचं शून्य उणे १८ डीबीएफएसच्या (डिजिटल कमाल पातळीच्या १८ डीबी खाली) आसपास धरलेलं असतं.

टाळगजर

मास्टरवर सरासरी उणे ११ ते उणे १२. टाळांचे ठोके उणे १ पर्यंत.

एडिसनकर

म्हणजे सहा-सात डीबी जास्त. काटा उजवीकडच्या खुंटीला टेकून बसला असता!

आजोबांचं_कीर्तन

थोडं विषयांतर करते, माफ करा. इथे टेप हाताळलेली माणसं आहेत म्हणून विचारते. आजोबांच्या कीर्तनाच्या सतरा कॅसेट सापडल्यात, आणि चुलत्यांकडे दोन स्पूल आहेत. कॉम्प्युटरवर घ्यायच्यात. कुणीतरी सांगितलं, जुन्या टेप ओव्हनमध्ये भाजाव्या लागतात. हे खरं आहे का? भीती वाटते.

जुना_स्पूल

ताई, कॅसेट भाजू नका. मुळीच नाही.

तो उपाय एका ठरावीक रोगावरचा आहे. सत्तर ते नव्वदच्या दशकांतल्या काही स्पूल टेप, अँपेक्स ४५६ हे त्यातलं प्रसिद्ध नाव, त्यांच्यातला चिकटा हवेतली ओल शोषतो. अशी टेप वाजवली की हेडवर तपकिरी लेप बसतो, टेप किंचाळते आणि थांबते. ती ५४ अंशांच्या आसपास कित्येक तास शेकतात, मग काही दिवस नीट वाजते. त्यासाठी तापमान काट्यावर राखणारं यंत्र लागतं, घरचा ओव्हन चालत नाही. आणि जुनी ॲसिटेटची टेप शेकली तर कायमची जाते. स्पूल उजेडासमोर धरून पाहा. आरपार उजेड दिसला तर बहुधा ॲसिटेट. कोणती टेप आहे ते कळेपर्यंत मशीनवर चढवू नका.

कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, चिकटलेले वेढे सुटतात. बुरशी दिसली तर तेही नको. मग वाजवताना डेकच्या हेडजवळचा छोटा स्क्रू अगदी हळू फिरवत 'स' आणि 'श' सगळ्यांत स्पष्ट कुठे येतात ते शोधा. ही एक गोष्ट केलीत की पुढची निम्मी दुरुस्ती वाचते. प्रत्येक कॅसेटला जागा वेगळी निघेल.

तरफेची_तार

यात एक भर घालते. डेकची गती बरोबर आहे का, हे विजेच्या गुणगुणीवरून कळतं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण हमखास असते. ॲनलायझरवर ती ५१ ला दिसली तर डेक सुमारे २ टक्के जोरात आहे, म्हणजे आजोबांचा सूर ३४ सेंट चढलाय. त्या काळी विजेची वारंवारताही स्थिर नसे, म्हणून हा अंदाजच. आजोबांची पट्टी घरात कुणाला माहीत असेल तर तिच्याशी पडताळा घ्या.

आजोबांचं_कीर्तन

दोघांचेही खूप खूप आभार. आजोबांची पट्टी काळी दोन, हे आजीला पाठ आहे. सुरुवात करते.

तरफेची_तार

आता मूळ धाग्याकडे. @टाळगजर, मला वाटतं तुमच्या वडिलांनी जे पकडलं ते खरं आहे आणि ते हिशोबात बसतं. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि सतार वाजवते, त्यामुळे परवापासून हेच डोक्यात आहे.

टेप दबते तेव्हा मुख्यतः तिसऱ्या घाताचं विरूपण होतं. एकच सूर आत गेला तर त्याची तिप्पट वारंवारता बाहेर येते, आणि तो त्याच सुराच्या वरच्या सप्तकातला पंचम असतो. कानाला गोड लागतो, यालाच लोक ऊब म्हणतात. पण दोन सूर एकत्र आत गेले तर आणखी काही सूर जन्माला येतात. एकाची दुप्पट वजा दुसरा, आणि उलट.

हिशोब सोपा व्हावा म्हणून सा २०० हर्ट्झ धरू. तानपुऱ्याचा पंचम ३००. शुद्ध, म्हणजे तानपुऱ्यातून स्वयंभू निघतो तसा गंधार २५०. सा आणि हा गंधार एकत्र दाबले तर ५०० वजा २०० म्हणजे ३०० आणि ४०० वजा २५० म्हणजे १५०. दोन्ही पंचमच! मध्यातला आणि मंद्रातला. सगळं सुरात.

आता पेटीचा गंधार घ्या. पेटी समान अंतरांच्या बारा सुरांवर लावलेली असते, तिचा गंधार जवळजवळ २५२ हर्ट्झ. ५०४ वजा २०० म्हणजे ३०४. मागे तानपुरा ३०० वाजवतोय. शाळेत शिकलो ते विस्पंद, सेकंदाला चार लाटा. दुसरीकडे ४०० वजा २५२ म्हणजे १४८, तो मंद्र पंचमाशेजारी, तिथे सेकंदाला दोन लाटा.

वडील म्हणाले "आता कमी हलतोय". ते म्हणाले नाहीत की हलत नाही. कारण पेटीचा गंधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधाराशी मुळातच थोडा भांडतो, कुठेतरी वर, हजार हर्ट्झच्या आसपास, बारीक आवाजात. टेपनं ते भांडण मध्यसप्तकात ओढून आणलं. आणि भैरवी? तिथे गंधार कोमल, पेटीवर साधारण २३८. ४७६ वजा २०० म्हणजे २७६. पंचमापासून इतका लांब की हळू लाट तयारच होत नाही. म्हणून भैरवी सुटली.

करून बघा. दोन साध्या साइन लहरी, २०० आणि २५२, त्याच पातळीवर प्लगिनमध्ये सोडा आणि पुढे स्पॅन (वारंवारतांचा आलेख दाखवणारं प्लगिन) लावून बघा.

कट्टेकरी_कोथरूड

टाळ्या! आणि पेटीवर पूर्वी आकाशवाणीत बंदी होती तीही या सुरांच्याच वादातून. काका सांगतील.

जुना_स्पूल

होती, १९४० पासून कित्येक वर्षं. मी लागलो तेव्हा ती उठली होती. पण त्या वादात शिरलो तर हा धागा आषाढीपर्यंत चालेल. आधी पोराचं काम होऊ दे.

तरफेची_तार, तुम्ही माझ्या मनातला चाळीस वर्षांचा काटा काढलात. पेटीची साथ असलेल्या काही टेप वाजवताना मला हीच लाट जाणवायची. मशीनला दोष देऊन मी रात्री उशिरापर्यंत कॅपस्टन (टेप ओढणारा दांडा) तपासत बसायचो आणि त्यात काही सापडायचं नाही. आमची पातळीच जोरात असणार.

टाळगजर

केलं! २०० आणि २५२ सोडले. स्पॅनवर १४८ आणि ३०४ ला स्पष्ट दोन कोंब. मग २५० केले, कोंब सरकून १५० आणि ३०० वर गेले. वडिलांना स्क्रीन दाखवली. ते म्हणाले, "मी तेच सांगत होतो."

पेटीवाला_सांगली

पेट्या दुरुस्त करतो, म्हणून लिहितो. गंधार १४ सेंट उतरवून देता येतो. सुराची पट्टी मुळाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली की चढतो. पण तुमचा गायक ज्या पट्टीत गातो त्याच पट्टीला ती पेटी अडकते. दुसरा कुणी पांढरी चारला गायला बसला की तीच पट्टी त्याला दुसराच सूर होते, आणि तो बेसूर. म्हणून तर विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी केली. भजनी मंडळात चार गायक चार पट्ट्यांत गातात, तिथे पेटीला हात लावू नका. प्लगिनलाच समज द्या.

मिक्समास्तर

माझं पहिलं निदान चुकलं, तरफेची_तार यांचं बरोबर. आता त्यातून उपाय काढू.

तिसऱ्या घाताची एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आतली पातळी ६ डीबी उतरवली तर मूळ सूर ६ डीबी उतरतात, पण हे उपरे सूर १८ डीबी उतरतात. म्हणजे मुळाच्या तुलनेत १२ डीबीचा फायदा. मास्टरवर टेप हवीच असेल तर आत ६ ते ८ डीबी कमी दे आणि बाहेर तेवढंच वाढव. हा नियम विरूपण सौम्य असेपर्यंत काटेकोर चालतो, पण दिशा कायम तीच.

माझा सल्ला मात्र मास्टरवरून ती काढूनच टाकायचा. टाळांचे चार ट्रॅक एका बसवर (एकत्र केलेल्या चॅनेलवर) ने आणि टेप तिथे लाव. टाळाला ठाम सूर नाही, तिथे उपरे सूर कुणाला दिसणार नाहीत. पखवाजाला वेगळी, हलकी. पेटी, तानपुरा आणि आवाज कोरडे.

निखळ_नाद

टाळांवर लावताना ओव्हरसॅम्पलिंग (प्लगिनच्या आत सॅम्पल रेट वाढवणं) किमान चारपट ठेवा, हे आग्रहानं सांगतो. टाळांत १५ हजार हर्ट्झपर्यंत भरपूर दम असतो. त्याची तिप्पट ४५ हजार, आणि ४८ हजारांच्या सत्रात ती मावतच नाही, मागे वळून ३ हजारांवर येऊन पडते. नेमकी जिथे गायकाची अक्षरं असतात तिथे. मग टाळ मऊ होण्याऐवजी काचेसारखे वाजतात. खरी टेप हे कधीच करत नाही, आणि टेप प्लगिनांवरचा माझा राग बराचसा यामुळेच होता. या धाग्यामुळे मी पुन्हा एकदा नीट मोजून ऐकणार आहे.

गोंयचो_घुमट

आणि पखवाजावर लावताना हेड बंपकडे लक्ष ठेव. टेपच्या हेडमुळे खालच्या पट्टीत एक उंचवटा येतो आणि गती दुप्पट केली की तो एक सप्तक वर सरकतो. चाउमध्ये गती बदलता येते. पखवाजाची धुम जर त्याच उंचवट्यावर बसली तर प्रत्येक 'धा' फुगेल आणि गायकाचा खर्ज खाईल. गती थोडी इकडेतिकडे करून धुमेच्या खाली कुठेतरी तो उंचवटा नेऊन ठेव.

ढोलकीबहाद्दर

ढोलकीला तर मी पंधरा इंचावर जोरातच लावतो. शाईच्या टिपऱ्या फार अणकुचीदार असतात, त्या छान गोळीबंद होतात. पण फडावर समोर बसलेल्याला ती टिपरी छातीत लागते, ती मजा रेकॉर्डमध्ये टेपनं जाते असंही वाटतं. अजून मन ठरत नाहीये.

तानसेनी_कान

एक शंका. सगळे एकाच सभागृहात बसले होते ना? मग टाळांच्या माइकमध्ये पेटीही आलीच असणार. टाळांचा बस दाबला की तिथली पेटीही दबेल, गंधार पुन्हा हलेल.

तरफेची_तार

शंका रास्त आहे, पण घाताचाच नियम पुन्हा मदतीला येतो. टाळांच्या माइकमध्ये पेटी समजा २० डीबी खाली असेल, तर तिच्या दोन सुरांपासून होणारे उपरे सूर ६० डीबी खाली जातात. मोठ्या ठोक्याच्या क्षणी पेटीही जरा चेपली जाईल, तो वेगळा परिणाम आहे आणि ठोक्याखालीच झाकला जाईल. तरी बसवर टेपच्या आधी ५०० हर्ट्झच्या खालचं कापून टाकावं. टाळांचं त्यात काही जात नाही.

एडिसनकर

टाळगजर, काय झालं ते नक्की कळवा. आमच्या गणपतीच्या आरत्यांतही पेटी आणि झांजा आहेत, आणि मी गेली नऊ वर्षं मास्टरवर टेप लावतोय. जुनी सत्रं उघडून बसलोय आता.

टाळगजर

चार दिवसांनी लिहितोय, कारण आठही अभंग नव्यानं मिक्स केले.

मास्टरवरची टेप काढली. टाळांच्या बसवर ५०० च्या खालचं कापून मग टेप, ओव्हरसॅम्पलिंग चारपट. टेपची गती साडेसातपर्यंत खाली आणली, काकांनी लिहिलं होतं म्हणून. तिथेच टाळांचं टोक नेमकं मोडलं, पंधरावर पुरेसं मोडत नव्हतं. पखवाजावर वेगळी टेप, पंधराच्या खाली. उंचवटा धुमेखाली नेऊन ठेवला. बाकी सगळं कोरडं. मग निखळ_नाद यांच्या म्हणण्याप्रमाणे आवाज मोजून सारखे केले आणि बहिणीला बटण दाबायला बसवलं. दहा वेळा विचारलं, नऊ वेळा मी टाळांवर टेप असलेलंच निवडलं. पखवाजावर पाच-पाच, म्हणजे फरक कळलाच नाही. तिथली टेप काढून टाकली.

वडिलांनी काल सगळं ऐकलं. गंधाराला काही बोलले नाहीत. पाचव्या अभंगाला म्हणाले, पखवाज दुसऱ्या कडव्याला मागे राहतो.

निखळ_नाद

ओव्हरसॅम्पलिंगमुळे उशीर येतो. रीपर त्याची भरपाई करतंय का, तपासलं का?

टाळगजर

तपासलं, भरपाई होते आहे. आणि पखवाजावर आता प्लगिनच नाही. मूळ ट्रॅकवरच मागे आहे, वाजवतानाच राहिलाय. रविवारी सभागृह मिळालंय, तो अभंग सगळ्यांनी मिळून पुन्हा वाजवायचा ठरलंय.

जुना_स्पूल

किती वाजता? टाळकऱ्यांना कुठे बसवायचं ते बघायला येतो.